दोन फोका एकदम

कॉलमननं हातोडीच्या तीन टोल्यांत शेवटची पाचर सोडवली, तसा छताखालचा लाकडी साचा बोटभर खाली बसला. छत जागचं हललं नाही. मनोऱ्यातल्या कावळ्यांनीच काय तो कलकलाट केला.

साडेपाचशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती साधूंनी हा मठ बांधला, तेव्हा विलोच्या झाडाच्या ओल्या, लवचिक फोकांचे तट्टे विणून साच्यावर अंथरले आणि त्यावर चुना-दगड रचले. उरलेल्या अर्ध्या छतावर ती वीण अजून उमटलेली होती. पडलेल्या अर्ध्यासाठी तसाच तट्टा हवा होता आणि तो विणणारं गावात एकच माणूस उरलं होतं, कॉलमनची आत्या बाबीन. पण तिला आता सकाळचं दुपारी आठवत नसे. वसंतात ती नऊ दिवस इथं बसून विणत होती. ते तिच्या मनातून पुरतं पुसलं जायच्या आत तिनं आपलं काम वर चढलेलं बघावं, एवढीच कॉलमनची तळमळ होती. चुना मात्र कोणाच्या घाईनं सुकत नाही.

साचा उतरला, तट्टा सुटला आणि चुन्यात उमटलेली त्याची वीण उघडी झाली. बाबीन आत्या मठातल्याच, त्यांच्या घराण्याच्या थडग्याच्या चौथऱ्यावर पाय सोडून बसली होती.

"आत्या, वर बघ."

ती कितीतरी वेळ बघत राहिली. शेजारच्या नदीवरून आलेला उजेड त्या विणीवरून सावकाश फिरत होता.

"कोणी विणलंय रे हे?"

कॉलमननं हातोडी खाली ठेवली.

"तूच सांग."

"हात झकास आहे. पण तिथं बघ, एकीऐवजी दोन फोका एकदम ओलांडल्यात."

"बुजवून टाकू का चुन्यानं?" कामावर देखरेख करणाऱ्या ईफानं हळूच विचारलं.

"हात तर लावून बघ, पोरी!" आत्या कडाडली. "आईची वीण आहे ती. कोणी हाक मारली की तिचं हे असं व्हायचं. मी काय हसायचे तिला!"

नवव्या दिवशी आत्या विणत असताना चहाची हाक कॉलमननंच मारली होती. 'तुझंच काम आहे, आत्या,' हे शब्द त्यानं तोंडातच ठेवले.

"हो. आजीचीच वीण."

"मग बोलाव की तिला. बघू दे."

चौथऱ्याच्या दगडावर आजीचं नाव होतं. कॉलमननं टोपी काढली आणि आत्याला थोडं सरकवून तो शेजारी बसला.

"इथंच आहे ती," तो म्हणाला. "बघतेय."