बडबडीची तोंडी परीक्षा

माझ्या थोरल्याला समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची सवय नाही. लाँड्रीच्या काउंटरवर हे खपून जातं. गिऱ्हाईक दारात दिसलं की हा म्हणतो, "कोट ना? कॉलरवरचा डाग ना? परवा संध्याकाळी या." गिऱ्हाईक खूश, की न सांगता कळलं. दुकान आपल्या या जिभेवर चालतं असं त्याला वाटतं. ते माझ्या हातांवर उभं राहिलं, पण ते जाऊ दे.

घरात तो स्वतःच्या लेकीलाही बोलू देत नाही. आणि तिला एक वाक्य करायला किती कष्ट पडतात, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

माझी नात लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत आहे. डोकं तल्लख, पण हात तिचं ऐकत नाहीत आणि जीभही ऐकत नाही. खुर्चीच्या दांड्यावर टॅबलेट बसवलाय. पडद्यावर चौकोन असतात आणि त्यांच्यावरून एक पिवळी चौकट आपोआप सरकत राहते. हव्या त्या चौकोनावर चौकट आली की ती उजव्या गुडघ्याने बटण दाबते आणि यंत्र बोलतं. एकेक अक्षर जुळवून काहीही म्हणता येतं, पण त्याला फार वेळ लागतो. म्हणून रोजची वाक्यं तिने चौकोनांत साठवून ठेवली होती, अगदी शाळेत असल्यापासूनची. "थांबा, माझं संपलं नाही." "आजी, मागच्या वेळी ही गोष्ट वेगळी सांगितली होतीस." "बाबा, मधे श्वास घ्या." कुठला चौकोन कुठे आहे हे तिला इतकं पाठ होतं की ती पडद्याकडे बघतही नसे. हे यंत्र आलं तेव्हापासून मी तिला बडबडी म्हणते.

बडबडी विद्यापीठात भूगोल शिकते. तिथे अशा मुलामुलींसाठी एक वेगळी खोली आहे. वरखाली होणारी टेबलं, पुस्तक वाचून दाखवणारी यंत्रं, भिंतीवर लटकवलेले हेडफोन, आणि एका खोक्यात नाना तऱ्हेची बटणं: कुणाला हनुवटीने दाबायचं, कुणाला फुंकर मारून. तिथल्या मॅडम गोड बोलत नाहीत, म्हणून त्या मला बऱ्या वाटतात. यंत्रात काही बदलायचं तर पासवर्ड लागतो. तो मॅडमना आणि बडबडीला माहीत. थोरल्याने तो मॅडमकडून मागून घेतला. "आवाज कमीजास्त करावा लागतो हो," म्हणाला. त्यांनी दिला.

तोंडी परीक्षा जवळ आली तसा हा जेवताना तिच्या वह्या वाचायला लागला. प्रश्न काढले, उत्तरं काढली. मग परीक्षेच्या आदल्या रात्री ती झोपलेली असताना टॅबलेट घेऊन बसला आणि चौकोनांतून तिची वाक्यं काढून तिथे उत्तरं भरली. काउंटरवर जसं कपडे आधीच टांगून ठेवतो, म्हणजे माणूस आला की हातात द्यायचे, तसं. "तिथे ती दमेल," असं सुनेला म्हणाला. "एक बटण दाबलं की आख्खं उत्तर. फालतू होतं तेवढंच काढलंय." पोरीला सांगितलं नाही. परीक्षेच्या खोलीत तिला आनंदाचा धक्का बसेल असं त्याला वाटलं.

पुढचं मी पाहिलं नाही, मॅडम आत होत्या, त्यांनी सांगितलं ते लिहिते. दोघे परीक्षक होते. त्यातल्या मोठ्या सरांनी सुरुवातीला नुसतं विचारलं, "पाणी हवंय का?" बडबडीने सवयीने गुडघा मारला. तिला म्हणायचं होतं, "आता नको, नंतर." यंत्र म्हणालं, "नदीच्या मुखाशी गाळ साचल्यामुळे त्रिभुज प्रदेश तयार होतो." सरांनी चष्मा वर केला. तिने घाईघाईने दुसरा चौकोन गाठला, थांबा म्हणायचा. यंत्राने वाळवंटातल्या वाऱ्याची माहिती दिली. मग त्या सरांनी टॅबलेट आपल्याकडे वळवून घेतला आणि एकेक चौकोन वाचला. तयार उत्तरं आणली, असं म्हणून परीक्षा तिथेच थांबवली.

त्या दिवशी तिला घरी आणलं तेव्हा मी इस्त्रीच्या शर्टांच्या घड्या घालत होते, तशाच घालत राहिले. मला रडू आलं नाही. राग यायला हवा होता, तोही आला नाही. सुनेने तिला भरवलं, तोंड पुसलं, आडवं केलं. सून कमी बोलते, आमच्या घरात बोलायला जागाच उरत नाही.

त्यानंतर बडबडीने बटणाला गुडघा लावला नाही. टॅबलेट चालू असायचा, चौकट फिरत राहायची. ती खिडकीकडे बघायची. हो म्हणायचं तर डोळे वर, नाही तर डोळे मिटून घ्यायचे. बास, तेवढंच. थोरला तिच्यासमोर बसून सांगायचा, "चूक माझी आहे, कळलं ना? तू म्हणतेयस बाबा जाऊ दे. हो ना? जाऊ दे म्हणतेय ती." ती डोळे मिटून घ्यायची आणि हा त्याला झोप समजायचा.

मग एका सकाळी मॅडम आमच्या दुकानात आल्या. थोरला म्हणाला, "पडदा धुवायचाय का?"

"नाही," त्या म्हणाल्या, "आणि मला बोलू द्या." मी इस्त्री बाजूला ठेवली.

त्यांनी विभागात जाऊन सांगितलं होतं की पासवर्ड आपणच दिला, मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. परीक्षा पुन्हा घेणार होते, एकदाच. नाही दिली तर वर्षही गेलं आणि जागाही गेली. अट एकच: टॅबलेट कोरा हवा. साठवलेलं काहीही नाही, नुसती अक्षरं.

"तिची जुनी वाक्यं माझ्या कॉम्प्युटरवर आहेत, ती परीक्षेनंतर परत घालून देते," मॅडम म्हणाल्या.

"अहो, अक्षरं जुळवत बसली तर दिवस मावळेल," थोरला म्हणाला. "मी शेजारी बसतो. तिचं पहिलं अक्षर आलं की मला पुढचं कळतं."

"तुम्हाला आत सोडणार नाहीत."

"मग कुणी समजून घ्यायचं तिला?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

मी दुकानावरच्या आमच्या घरात जाऊन बडबडीला विचारलं, "जायचंय का? नको असेल तर नको. दुकानाला गप्प बसणारं माणूस हवंच आहे." तिने डोळे वर केले नाहीत, मिटलेही नाहीत. बराच वेळ चौकट नुसती फिरत होती. मग तिने गुडघा हलवला. एक अक्षर, मग दुसरं. यंत्र म्हणालं, "बाबा बाहेर."

थोरला माझ्या मागे येऊन उभा होता. "बाबा, बाहेर घेऊन चला म्हणतेय," तो म्हणाला. "चल गं, फिरून येऊ."

तिने डोळे मिटून घेतले. मला कळलं. त्याला मी काही सांगितलं नाही.

परीक्षेला मी गेले. थोरलाही आला, गाडी त्याच्याकडे होती म्हणून. मॅडम तिला आत घेऊन गेल्या. बाहेर लांबच लांब व्हरांडा, पिवळ्या भिंती, फरशी पुसणाऱ्या बाईची बादली. आतून सरांचा प्रश्न ऐकू आला: नदी आपला मार्ग का बदलते? मग काही नाही. नुसतं बटणाचं टक, मधे खूप वेळ, पुन्हा टक.

थोरला उठला. "अडकली ती. गाळ म्हणायचंय तिला. मी नुसतं एवढंच सांगून येतो."

"बस."

"आई, वेळ जातोय तिचा."

"तिचा जातोय ना. बस."

तो बसला, पुन्हा उठला. पुटपुटत आख्खं उत्तर म्हणून टाकलं, भिंतीला. मी माझी खुर्ची उचलून दारासमोर ठेवली आणि तिच्यावर बसले. त्याने मला हलवलं नाही. लहान असता तर पाठीत धपाटा घातला असता, पण या वयाच्या मुलाला काय घालणार. आत टक, टक चाललं होतं. यंत्र एकदा म्हणालं, "उतार कमी." नंतर बऱ्याच वेळाने, "म्हणून."

दार उघडलं ते मोठ्या सरांनी. मला खुर्ची हलवावी लागली. "सगळे प्रश्न झाले नाहीत," ते म्हणाले. "निम्मेच झाले. जेवढं बोलली तेवढ्यावर गुण देतोय."

"पास होईल का?"

"होईल, अगदी काठावर. पण जे बोलली ते तिचं होतं." असं म्हणून ते हात धुवायला गेले.

मॅडमनी तिची चाकाची खुर्ची बाहेर ढकलत आणली. बडबडीच्या कपाळावर घाम होता. तिच्याकडे बघून मला आनंद व्हायला हवा होता. मी रुमाल काढला आणि घाम पुसला. थोरला गुडघ्यांवर बसला, तिच्या तोंडापाशी.

"काय काय विचारलं? अवघड होतं?"

चौकट फिरायला लागली. टक. यंत्र म्हणालं, "म." पुन्हा चौकट.

"मस्त झालं म्हणतेय," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "मस्त झालं ना? का मला भूक लागली?"

चौकट फिरत राहिली. तिने गुडघा बाजूला घेतला.

मी त्याच्या खांद्याला धरून त्याला उभं केलं. फरशीवाली बाई थांबून बघत होती, बघू दे म्हटलं. आवाज चढवला नाही मी.

"ऐक. तू बाप वाईट नाहीस, हे मी चारचौघांत सांगेन. पण तिची एवढी वर्षांची वाक्यं तू पुसलीस आणि तिथे स्वतःला भरलंस, आणि अजून भरतोयस. उद्यापासून तिच्या शेजारी तू बसायचं नाहीस, मी बसेन. पासवर्ड ती बदलेल आणि तुला सांगणार नाही. तिने तुला बाहेर म्हटलं होतं, फिरायला नाही, दाराबाहेर. ती जेव्हा आत ये म्हणेल तेव्हा यायचं, आणि ते म्हणायला तिला दिवस लागला तर तू दिवसभर उभा राहायचंस, तोंड मिटून."