टेलरमास्तरांनी शिवलेलं ग्रीनहाऊस

टेलरमास्तरांच्या दुकानातून गेलेला कपडा गिऱ्हाइकाच्या अंगाला बसला नाही, तर मास्तर दोष अंगाला देत. कपडा बरोबरच असे. असा ठाम स्वभाव माणसाला शिवणकामात तारून नेतो. भाजीपाल्यात तो किती नडतो, हे त्यांना यंदाच्या उन्हाळ्यात कळलं.

घरामागं बैठकीच्या खोलीएवढं अंगण होतं. तिथं काकडी आणि टोमॅटो लावायचे, हा मास्तरांचा जुना ध्यास. पण तिथला वारा असा द्वाड की रोपं वर येताच मान टाकायची, आणि जी उरायची ती कबुतरं फस्त करायची. मास्तरांची बायको बेकरीत भट्टीवर कामाला होती. तिचं म्हणणं सरळ होतं: काकडी बाजारात मिळते. पण हौसेपुढे कुणाचं काय चालतं? मास्तरांनी ग्रीनहाऊस उभारायचं ठरवलं.

दुसऱ्या कुणी पाइपच्या कमानी रोवल्या असत्या, वर प्लास्टिक ताणलं असतं, कडेला विटा ठेवल्या असत्या आणि हात झटकले असते. कमानी मास्तरांनीही रोवल्या. पण नुसतं प्लास्टिक पांघरायचं हे काही त्यांना बघवेना. त्यांनी टेप काढली, कमानींची छाती, कंबर आणि उंची घेतली, आणि जाड पारदर्शक प्लास्टिक दुकानाच्या फरशीवर अंथरून बेतलं. मशीनवर बसले तेव्हा अर्धं ग्रीनहाऊस दाराबाहेर रस्त्यावर लोळत होतं आणि येणारे-जाणारे त्यावरून उड्या मारत होते. एका गिऱ्हाइकानं आपली पँट कधी मिळेल असं विचारलं, तर मास्तर म्हणाले, आधी मोठं माप उरकू द्या.

कमानींच्या अंगात घातल्यावर ते ग्रीनहाऊस खरंच झोकात दिसलं. खांदे बसलेले, बाजूला दुहेरी शिवण, पुढं लांबलचक झिप, खुरपं ठेवायला बाहेरून खिसा, आणि शेंड्याला गळपट्टी गच्च बंद. खालची किनार खुंट्यांना बांधली होती. बायकोनं चहूबाजूंनी फिरून बघितलं आणि राक्षसाचा रेनकोट छान झाला म्हणाली. मग तिनं विचारलं, की याला खिडकी कुठं आहे?

"चांगल्या कोटाला भोकं नसतात," मास्तर म्हणाले.

थंडीचे दिवस होते तोवर त्यांचं म्हणणं खरं ठरलं. रोपं तरारली. मास्तर रोज सकाळी झिप उघडून आत जात आणि काकडीच्या वेलाला हळूच विचारत, काखेत घट्ट होत नाही ना?

मग ऊन तापलं. दुपारी आत पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं धरायचं आणि मास्तर चाचपडत टोमॅटोशी बोलायचे, काकडी समजून. पानं ओल्या रुमालासारखी लोंबू लागली. बायको एकदा आत डोकावली. भट्टीवर उमेदवारी केलेली बाई, तिनं एका श्वासात अंदाज घेतला आणि पिठाचा गोळा पातेल्यात घालून तिथं फुगायला ठेवला. पीठ असं फुगलं की पातेल्याचं झाकण उचलून बाहेर आलं आणि दोन रोपांना पोटाशी घेऊन बसलं. बायकोला फार समाधान वाटलं. मास्तरांना अजिबात नाही.

त्यांनी आपल्या परीनं उपाय केले. आतून पांढऱ्या कापडाचं अस्तर लावलं. सावली झाली, पण उकाडा जागचा हलेना. मग पाण्याच्या बादल्या ठेवल्या, ओली पोती टांगली. त्यानं उकाड्यात वाफेची भर पडली आणि मास्तर आतून निघाले की इस्त्री केल्यासारखे दिसू लागले. शेवटी बायकोचा धाकटा भाऊ मदतीला धावला, आणि तिथंच सगळं बिनसलं.

हा मेव्हणा फ्रीज दुरुस्त करायचा. कामात वाईट नव्हता, पण गार करायचं म्हटलं की त्याला थांबायचं कुठं ते कळत नसे. त्याच्याकडे कुठल्याशा मोडीत निघालेल्या सभागृहाचा ब्लोअर होता, वासराएवढा. तो त्यानं हातगाडीवर घालून आणला, ग्रीनहाऊसच्या झिपेपाशी ठेवला आणि त्याच्या तोंडाभोवती प्लास्टिक दोरीनं आवळून टाकलं. भाऊजी, म्हणाला, आता तुमच्या काकड्यांना सर्दी झाली नाही तर नाव सांगणार नाही.

बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत चहाचा कप घेऊन उभी होती. आत गेलेला वारा बाहेर कुठून येणार, एवढंच तिनं विचारलं. दोघं पुरुष एका सुरात म्हणाले, ते नंतर बघू.

ब्लोअर घरघरला. ग्रीनहाऊस फुगलं. कापडावरची एकूण एक सुरकुती गेली, आणि घटकाभर मास्तरांचा ऊर भरून आला. इतकं चोख फिटिंग त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. मग खुंट्या तटातट उपटल्या, शर्टाची बटणं तुटावीत तशा. ब्लोअरच्या तोंडाची दोरी सुटली. आणि तो अवाढव्य कोट कमानींवरून अलगद उठला, वाऱ्यावर कलला, आणि भिंत ओलांडून शेजारच्या अंगणात उतरला.

तिथं निवृत्त मुख्याध्यापिका खुर्चीत पेपर वाचत होत्या. मास्तर त्यांचेच विद्यार्थी. कोट कपडे वाळत घालायच्या दोरीवर अडकला आणि तंबूसारखा पसरला, बाई बरोबर मधोमध.

मास्तर आणि मेव्हणा भिंतीवरून वाकले. उघड्या झिपेतून दिसलं, आत बाई पेपर मांडीवर ठेवून दोघांकडे बघत होत्या. ती नजर मास्तरांना ओळखीची होती. ते आपोआप ताठ उभे राहिले.

"बाई, लागलं नाही ना?"

"लागलं नाही. उकडतंय." बाईंनी हात वर केला, मग खाली नेला. "पायाशी गार आहे. डोक्याशी नुसती आग. गरम हवा वर जाते, हे मी तुला शिकवलं होतं. तेव्हा तू काय करत होतास?"

मास्तरांना खोटं बोलवेना. "तुमच्या बाहीची शिवण उसवली होती, बाई. तिकडे बघत होतो."

बाईंनी नकळत आपली बाही चाचपली. मग त्यांनी शेंड्याकडे बोट केलं आणि तिथं कापायला सांगितलं.

कात्री मास्तरांच्या खिशात होती, पण हात उठेना. स्वतःच्या शिवणीला त्यांनी आजवर कात्री लावली नव्हती. त्यांनी भिंत ओलांडली, स्टूल घेतलं आणि विचारलं, की बाई, एखाद-दोन दिवस कळ काढता येईल का? बाईंनी पेपरची घडी केली. ती घडी बघून मास्तर झटकन स्टुलावर चढले आणि गळपट्टी उसवायला लागले. कापली नाही, उसवली. तेवढी अब्रू राखली. शेंडा मोकळा झाला तशी गरम हवा भसकन त्यांच्या तोंडावर आली, खालच्या फटीतून गार हवा आत सरकली आणि बाईंच्या कपाळावरचे केस हलले. हां, म्हणाल्या बाई, आता वाचता येईल. आणि वाचायलाच लागल्या. मास्तरांना पान संपेपर्यंत थांबावं लागलं.

कोट परत आला तो दुरुस्त होऊनच कमानींवर चढला. शेंड्यावर आडवी फट, थंडीत बंद करायला वर झाकणपट्टी. खालची किनार गुंडाळून वर बांधता येईल अशी, काजं-बटणं लावून. अस्तर गेलं, त्या जागी बाहेरून हिरवी जाळी आली. ब्लोअरची गरज उरली नाही. मेव्हणा हिरमुसला, पण ब्लोअर घरी परत न्यायला त्याच्या बायकोची मनाई होती, म्हणून तो तिथंच राहिला आणि कबुतरं त्यावर बसून ग्रीनहाऊसकडे बघू लागली.

पहिली काकडी तयार झाली तेव्हा मास्तरांनी ती ताटात आडवी ठेवून चौघांत वाटली. काकडी कडू निघाली, चांगलीच. मेव्हण्यानं डोळे मिटून गिळली. बायको हळूहळू चावत राहिली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत छान म्हणाली. मास्तरांनीही मान डोलवली.

बाईंनी एक घास खाल्ला आणि उरलेली फोड ताटात परत ठेवली.

"कडू आहे," म्हणाल्या. "उन्हानं झालं असेल. पुढची आण."