ताईचं एन्झाइम

घरात तिला सगळे ताई म्हणत, आणि प्रयोगशाळेतही तेच नाव चिकटलं होतं. ऐन उमेदीची वर्षं ती एका एन्झाइमच्या मागे हात धुऊन लागली होती. फॉस्फोलिपेज हा शब्द तिच्या तोंडून इतक्यांदा निघे की धाकट्या बहिणीनं जाहीरच करून टाकलं होतं, "आमच्या ताईचं लग्न झालंय, फक्त नवरा डोळ्यांना दिसत नाही."

कपडे वाळत घालता घालता ताईनं तिला एकदा समजावलं होतं. पेशीला चरबीचं पातळ आवरण असतं. हे एन्झाइम त्यातून तुकडा कापतं आणि तो तुकडाच निरोप होऊन जातो: इथे सूज आण, इथे दुखू दे. मात्र आत कॅल्शियम वाढलं तरच ते आवरणाशी जातं, एरवी गप्प असतं.

"आणि गप्प बसायचं विसरलं तर?"

"तर सांधे सुजून माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून मी त्याला आवरायचं औषध शोधतेय."

धाकटीला मुलगी झाली. वर्षाच्या आत ती चालायला लागली, घरभर गरगरत सुटली, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास ती धडपडू लागली. "बुटांमुळे असेल," धाकटी म्हणाली. बूट बदलले. मग पोरगी भिंत धरून चालू लागली, मग नुसतीच बसू लागली. आधी स्वच्छ "मावशी" म्हणायची, त्याचं "माऊ" झालं आणि पुढे तेही गेलं. डॉक्टरांचे उंबरे झिजवून झाल्यावर शेवटी जनुकं तपासली.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी निदान सांगितलं तेव्हा ताई शेजारीच होती. एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. त्यामुळे एक एन्झाइम काम करत नव्हतं आणि मज्जातंतू हळूहळू निकामी होत चालले होते.

"कुठलं एन्झाइम?" भिंगरीच्या वडिलांनी विचारलं.

"फॉस्फोलिपेज. त्यातला एक प्रकार."

धाकटीनं ताईचा हात गच्च धरला. कित्येक महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "अगं, हे तर तुझंच! डॉक्टर, हिला यातलं सगळं येतं."

डॉक्टरीणबाईंनी ताईकडे पाहिलं. ताईनं मान खाली घातली.

जिन्यात ती म्हणाली, "ऐक माझं. मी ज्यावर काम करते, त्याचं हे भावंड. याला कॅल्शियमची वाट बघावी लागत नाही, आवरणाची डागडुजी हे करतं. आणि मी इतकी वर्षं बंद कसं करायचं तेवढंच शिकले गं. चालू करायचं मला येत नाही."

"मग आता उलटं शीक," भिंगरीला या कडेवरून त्या कडेवर घेत धाकटी म्हणाली.

ताई शिकू लागली. प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या विनवण्या करून, रीतसर परवानगी काढून तिनं भिंगरीच्या दंडावरच्या त्वचेचा कण घेतला, त्यातून काचेच्या बशीत पेशी वाढवल्या, त्यांत निरोगी जनुक सोडलं. कितीतरी बश्या वाया गेल्या. मग एका सकाळी पेशी सुधारलेल्या दिसल्या, तपासण्यांनीही तेच सांगितलं. आनंदाच्या भरात तिनं बहिणीला फोन लावला.

दुपारी धाकटी प्रयोगशाळेच्या दारात हजर. भिंगरीला तिनं नवा फ्रॉक घातला होता.

"कधी देतेस?"

"ते बशीतल्या पेशींत झालंय. मेंदूपर्यंत कसं पोचवायचं ते मला ठाऊक नाही. कुणाला जमलं तरी वर्षं जातील."

"किती?"

पोरीची मान आईच्या खांद्यावरून घसरत होती. धाकटीनं ती सावरली आणि आवाज न चढवता विचारलं, "मग मला फोन कशाला केलास?"

त्यानंतर बहिणींचं बोलणं तुटलं. तरी ताई रोज संध्याकाळी धाकटीच्या घरी जायची. नळीतून दूध घालायला शिकली, कूस बदलायला शिकली, घशातला कफ ओढून काढायला शिकली. भिंगरीला दिसेनासं झालं. धाकटी हवं ते हातवाऱ्यांनी मागायची, टॉवेल, वाटी, कापूस.

शाळेत जायच्या वयाला भिंगरी न्यूमोनियानं गेली.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत ताईचं सांध्यांचं औषध पुढच्या टप्प्याला पोचलं. लोकांनी अभिनंदन केलं, काहीजण भिंगरीची आठवण होऊन मध्येच थांबले. ताई संध्याकाळी नेहमीच्या वेळी बहिणीकडे गेली. पोरीची खाट कुणीतरी उचलून नेली होती. दोघी तिथेच जमिनीवर बसल्या.

"उद्याही येणारेस?" धाकटीनं विचारलं.

"येईन."

"कशाला? आता काय काम उरलंय?"

"काहीच नाही."

धाकटी उठून आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. ताई अंधार पडेपर्यंत बसून राहिली, मग चपला घालून निघाली.