परातीतलं मुसळ

माझी बायको सरोजिनी गेली हे मला सिंगापुरात, क्लेमेंटीच्या बसमध्ये कळलं. हॉस्पिटलकडेच निघालो होतो. फोनवर नर्स हळू बोलत होती आणि मी तिला सारखं म्हणत होतो, "पोचतोच आहे." स्तनाचा कॅन्सर होता. उशिरा कळला.

तेराव्याला तिची धाकटी बहीण सुलेखा स्वयंपाकघरात म्हणाली, "भावोजी, मलाही गाठ लागतेय हाताला." बायोप्सीची वेळ मीच घेऊन दिली. ती नेमकी सूर्यग्रहणाच्या दुसऱ्या दिवशीची निघाली. २०१९चा डिसेंबर होता.

ग्रहणाच्या दुपारी पुंगोलला सुलेखाच्या इमारतीखाली ही गर्दी! बँकवाले, आयटीवाले, पोरंबाळं. मधोमध टेबल, त्यावर पाण्याची परात आणि मुसळ घेऊन उभे अर्कनाथ महाराज. खास भारतातून विमानाने आलेले.

"हजारो वर्षांपूर्वी," महाराज माइकवर सांगत होते, "खग्रास ग्रहण लागलं. भरदिवसा रात्र! पाखरं घरट्यात परतली. राणी अंथरुणाला खिळलेली. ऋषींनी परातीत मुसळ उभं केलं. सूर्य सुटला, मुसळ पडलं, राणी उठून बसली! रोग कुठे गेला?"

"पाण्यात!" सगळे ओरडले.

"महाराज, आजचं खग्रास नाही, कंकणाकृती आहे," सुलेखाचा नवरा मुकुल मागून म्हणाला.

"कंकण तर सौभाग्याचं, जावईबापू! बायकोच्या हातात बघा."

लोक हसले. मुकुलही हसला.

ऊन फिकट पडलं. सुलेखाने परातीला हात लावला. महाराजांनी मुसळ सोडलं आणि ते खरंच उभं राहिलं. लोकांनी हात जोडले. पुन्हा ऊन चढलं तसा एक चेला टेबलाशी वाकून बसला. मुसळ पाण्यात आडवं झालं.

"भावोजी, गेली माझी गाठ."

"चाचपून बघितलीस?"

"श्रद्धा अशी चाचपायची नसते."

संध्याकाळी मी लिटल इंडियात जाऊन तसलंच मुसळ घेतलं. सकाळी तिला न्यायला गेलो, तेव्हा ते तिच्या जेवणाच्या टेबलावर, परातीत उभं केलं. पहिल्यांदा कललं, दुसऱ्यांदा राहिलं. बूड सपाट, त्याला लोखंडी कडं, राहणारच. बाहेर लख्ख ऊन होतं. मग टेबलाच्या पायाला गुडघा लावला. पडलं.

"तो चेला काल हेच करत होता. आपल्या घरांत सगळीकडे मिक्सर. मुसळ एरवी कोण उभं करून बघतो?"

मुकुल कपाळाला हात लावून बसला. सुलेखाने परातीतलं पाणी पुसलं.

"उभं राहतं, कबूल. पण ताईला डॉक्टरांनी तरी कुठे वाचवलं, भावोजी?"

उशीर झाला होता म्हणून, असं मी म्हणालो. तिने ऐकलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मुकुलने दार वाजवलं, मी वाजवलं. बायोप्सीची वेळ टळून गेली.

जुन्या काळी भरदुपारी अंधार पडला तर माणसं घाबरायची, त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांच्यातल्याच काहींनी पिढ्यान्‌पिढ्या चंद्राची चाल मोजली, म्हणून आज ग्रहणाची वेळ आधीच पेपरात येते. महाराजांनीही तिथेच वाचली. चंद्र सूर्यासमोरून जातो. तो कुणाची गाठ नेत नाही. पटत नसेल, तर कुठल्याही दिवशी घरी मुसळ उभं करून बघा. आणि गाठ लागली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा.

सुलेखाची बायोप्सी अजून झालेली नाही.