हातात रिमोट असताना

मास्तर रविवारी दुपारी पावणेतीनला ताईच्या घरी आला तेव्हा त्याच्या पिशवीत तळहाताएवढी एक काळी डबी आणि वायरवाले दोन रिमोट होते. मास्तर हा ताईचा मावसभाऊ. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो, म्हणून मास्तर. डबीत सहाशे जुने व्हिडिओ गेम आहेत असं खोक्यावर छापलं होतं. त्यातले निम्मे तेच ते खेळ वेगळ्या नावांनी भरलेले आहेत, हे तो घरी तपासून आला होता.

टिल्लू आधीच सोफ्यावर बसलेला होता. टिल्लू ताईचा सख्खा धाकटा भाऊ. वय एकेचाळीस, उंची सहा फूट, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक. हे नाव पडलं तेव्हा तो खरोखरच टिल्लू होता, पुढे कुणी त्यात दुरुस्ती केली नाही. त्याच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर लढाई चालू होती.

ताईनं हा रविवार मुद्दाम ठरवला होता. तिला टिल्लूकडून एक उत्तर हवं होतं आणि ते सोमवारी दुपारी बाराच्या आत हवं होतं.

ताई दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर मापं पाठवतात, ती कॅप बनवते. एकवीस वर्षं तिनं हातानं चिनी मातीचे थर चढवले आणि भट्टीत भाजले. आता लॅबमध्ये कॅप कोरणारं मशीन येणार होतं. ते शिकायला दहा आठवडे दुसऱ्या शहरात राहावं लागणार होतं आणि लॅब एकालाच पाठवणार होती. मालकांनी पहिलं नाव ताईचं घेतलं. ती नाही म्हणाली तर दुसरं नाव शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं होतं. तिला काम ताईनंच शिकवलेलं. म्हणजे पुढं मशीन ती मुलगी चालवणार आणि ताई तिनं कोरलेल्या कॅपांना पॉलिश मारत बसणार.

अडचण एकच होती, बाबांची. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते वॉकर धरून चालत. उठवायला आणि अंघोळीला माणूस लागे. दिवसा एक बाई येत. सकाळ, संध्याकाळ आणि रात्र ताईची. बाबांना टिल्लूकडे हलवता येत नव्हतं, कारण तो चौथ्या मजल्यावर राहतो आणि तिथं लिफ्ट नाही. लिफ्टवाल्याच्या घरालाच लिफ्ट नाही हा विनोद आता घरात कुणी करत नसे. तेव्हा दहा आठवडे टिल्लूनंच इथं येऊन राहायचं होतं. त्याला तो पाच वेळा हो म्हणाला होता. पण सुट्टीचा अर्ज टाकला नव्हता, बायकोशी बोलला नव्हता, बाबांच्या गोळ्यांची यादी पाठवली ती उघडूनही पाहिली नव्हती.

आतल्या खोलीत बाबा झोपले होते. मास्तरनं डबी टीव्हीला जोडली आणि आवाज बंद करून टाकला.

"रणगाडे लाव," ताई म्हणाली.

"रणगाड्यांत तू दर वेळी आपलाच तळ उडवायचीस."

"मी नाही, हा उडवायचा. आणि रिमोट माझ्या हातात देऊन संडासात जाऊन बसायचा."

"मी सात वर्षांचा होतो," टिल्लू मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला.

"सातव्या वर्षी अक्कल एवढी, मग पुढं गेली कुठं?" मास्तर म्हणाला.

पहिल्या डावात ताईनं दीड मिनिटात आपला तळ उडवला. मास्तरनं दुसरा डाव लावला.

मग जुनं निघालं. बाबा सोमवार ते शुक्रवार गेमचा अडॅप्टर ऑफिसच्या बॅगेत घालून घेऊन जात. टिल्लूनं शोध लावला की रेडिओचा अडॅप्टर त्या भोकात बसतो. बसला. चार दिवस चाललाही. पाचव्या दिवशी खोलीभर जळका वास सुटला, आणि तिघांनी मिळून आईची अत्तराची बाटली पडद्यावर ओतली. संध्याकाळी बाबांनी दारातच विचारलं होतं, "कोण वारलं?"

"मार मला एकट्याला पडला," मास्तर म्हणाला. "तुम्ही घरची, मी पाहुणा. पाहुण्याला आधी देतात."

ताई हसली. गेल्या महिन्याभरात ती पहिल्यांदाच हसत होती, पण हसतानाही तिची नजर घड्याळाकडे गेली. तीन वाजून वीस मिनिटं.

"आता कोण काय खेळतं?" मास्तरनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचंच सांगायला लागला. तो संध्याकाळी कॉम्प्युटरवर ट्रक चालवतो. त्यासाठी स्टिअरिंग घेतलंय, पायात पेडल घेतलीत. काल साडेचारशे किलोमीटर फ्रीज पोचवले.

"दिवसभर क्लच क्लच ओरडून घरी येतोस आणि पुन्हा गाडीच?"

"तिथं शेजारी शिकाऊ बसलेला नसतो, ताई. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा मी सिग्नलला थांबतो. कुणी बघत नाही, पण किती बरं वाटतं सांगू."

ताई विटा रचायचा खेळ खेळते. वरून पडतात आणि आपण खाली बसवायच्या, तोच. लॅबमध्ये भट्टीचा एक फेरा अकरा मिनिटांचा असतो. तेवढाच वेळ खेळते. भट्टी वाजली की हातातली वीट पडायची तशी पडू देते.

"आणि सेनापती?"

टिल्लूची फौज होती. एकोणपन्नास माणसं, त्यातलं एकही त्यानं पाहिलेलं नाही. तो त्यांचा म्होरक्या. रविवारी अडीच ते पाच युद्ध. तो एरवी मोजकं बोलतो, पण या विषयावर त्याची गाडी सुटली. कोण कच्चा आहे, कोण ऐन वेळी गायब होतो, कुणाला काढायचं, सगळं त्याला तोंडपाठ होतं.

"आमच्यात एकजण आहे," तो म्हणाला. "मागं त्याचे वडील दवाखान्यात होते, तीन आठवडे. त्यानं मला पासवर्ड दिला. तीन आठवडे मी त्याचा किल्ला सांभाळला. माझा एक आणि त्याचा एक. रोज सकाळी उठून आधी त्याचा. एक भिंत पडू दिली नाही."

टीव्हीवर मास्तरचा रणगाडा एका जागी गोल गोल फिरत राहिला.

ताईनं रिमोट मांडीवर ठेवला. "टिल्लू, माझ्या दहा आठवड्यांचं काय?"

"हो म्हटलंय ना." अंगठा चालूच होता.

"उद्या बाराला मालकांना सांगायचंय."

"मग सांग की. येतो म्हटलं."

मास्तरनं हळूच विचारलं, "ताई, हे कितव्यांदा?"

"सहाव्यांदा."

"आणि आधीच्या पाच वेळा हा काय करत होता?"

ताईनं मनात एकेक वेळ आठवून पाहिली. पहिल्यांदा दवाखान्याच्या बाकावर, बाबांचा एक्स-रे निघत असताना. तेव्हा तो खेळत होता. दुसऱ्यांदा त्याच्या घरी, जेवणानंतर. तेव्हाही. तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा फोनवर, कानाशी ते युद्धाचे नगारे वाजत होते. पाचव्यांदा तो लिफ्टच्या सुट्या भागाची वाट बघत कुठल्याशा इमारतीच्या पायरीवर बसला होता, आणि तो खेळतोय हे त्याच्या "हं" वरूनच कळत होतं.

"आईचा कायदा," मास्तर म्हणाला.

लहानपणी टिल्लू शेवटच्या स्टेजला पोचला की ताई त्याच्या कानाशी जाऊन बसायची. माझी सायकल पुसशील? हो. खिडकीची जागा देशील? हो. महिनाभर दूध तू आणशील? हो, हो. खेळ संपला की तो कानावर हात ठेवायचा, ती शब्दाला धरायची, आणि घरात महाभारत व्हायचं. शेवटी आईनं निकाल दिला होता की हातात रिमोट असताना दिलेला शब्द धरायचा नाही. आई असेपर्यंत तो पाळला गेला आणि नंतर मोडायचं कुणाला सुचलं नाही.

मास्तरनं गमतीनं म्हटलं होतं. टिल्लू हसला नाही. ताईला त्यावरूनच समजलं.

"तू तो कायदा धरून बसला होतास?"

"मला वाटलं तुला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"की मी खेळतोय." त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "तुला दिसत होतं की. दर वेळी तू तेव्हाच विचारतेस. दवाखान्यात दोन तास आपण नुसते बसलो होतो, तेव्हा नाही विचारलंस. मी मोबाइल काढला आणि मग विचारलंस."

ते खरं होतं. रिकाम्या हातानं बसलेला टिल्लू नाही म्हणू शकतो, हे तिला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. तिला हो हवा होता, म्हणून जिथं हो मिळतो तिथं ती गेली. आणि पाच आठवडे तो हो पर्समध्ये घेऊन फिरली.

"ठेव तो मोबाइल," ती म्हणाली.

त्यानं स्क्रीनकडे एकदा बघितलं, एकोणपन्नास माणसांना काहीतरी दोन शब्द लिहिले आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. मग हातांचं काय करावं हे न कळून गुडघ्यांवर ठेवले.

"येशील का?"

"नाही," टिल्लू म्हणाला.

"का?"

"नाही जमणार."

"का ते विचारतेय. सुट्टी? बायको?"

"बायको म्हणेल जा. सुट्टी मिळेल." तो गुडघ्यांकडे बघत होता. "बाबांना अंघोळ घालणं, कपडे बदलणं, ते सगळं मला नाही जमत. दवाखान्यात त्या नर्सनं धरा म्हणून सांगितलं तर मी बाहेर जाऊन उभा राहिलो. तू होतीस म्हणून निभावलं."

"तू आठ आठ मजले खोल लिफ्टच्या शाफ्टमध्ये लोंबकळतोस."

"शाफ्ट मला लहानपणापासून ओळखत नाही."

"हेच पाच आठवड्यांपूर्वी सांगितलं असतंस," ताईचा आवाज चढला आणि बाबा झोपलेत म्हणून तिनं तो दात चावून खाली आणला, "तर मी दुसरा माणूस शोधला असता. बाईंना विचारलं असतं. कुणी रात्रीचं येतं का पाहिलं असतं. आता माझ्याकडे एक संध्याकाळ आहे. एका संध्याकाळी मी कुठून माणूस उभा करू?"

"उशीर होत गेला, म्हणून तर सांगवेना."

"म्हणून तर, म्हणे. परक्याच्या किल्ल्याची भिंत पडू देत नाहीस आणि—" तिनं वाक्य सोडून दिलं.

मास्तर म्हणाला, "शनिवार-रविवार मी येईन."

"शनिवार-रविवार माणूस मिळतो रे. मला सोमवार ते शुक्रवारची चिंता आहे."

आतून बाबांची हाक आली. "पोरी."

साडेचार वाजले होते. रविवारी बाई येत नसत आणि ताईला सुट्टी असे, म्हणून त्या दिवशी सकाळची गडबड टाळून अंघोळ झोपेनंतर असे. ताई उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"आज तू."

"ताई."

"पाणी काढलेलं आहे. स्टूल भिंतीला टेकवून ठेव. आधी वॉकर, मग उजवा पाय. मी दाराबाहेर आहे."

तो गेला. त्याचं त्यालाही नवल वाटलं असावं, कारण जाताना त्यानं दिवा लावायच्या ऐवजी पंखा लावला.

ताई बाथरूमच्या दाराशी टॉवेल घेऊन उभी राहिली. दार अर्धं उघडं होतं. तिनं आत बघितलं नाही, पण सगळं ऐकू येत होतं.

"तू? ती कुठंय?"

"बाहेर आहे. बाबा, हात वर करा."

"कुठला? एकानं मी धरलंय."

"मग दुसरा."

"दुसऱ्यानंही धरलंय. सोडू? पडू?"

पाण्याचा आवाज. बाबा ओरडले की पाणी गार आहे, मग ओरडले की चटका बसला. मग काही वेळ फक्त पाणी. ताईची बोटं टॉवेलमध्ये रुतली होती. आत जाऊन चार मिनिटांत सगळं उरकायचं तिच्या हाताला माहीत होतं.

"साबण कानात घालतोस की डोक्याला?"

"हलू नका ना." मग टिल्लूचाच आवाज, निराळा, कामावरचा. "हा भिंतीतला धरायचा दांडा कुणी बसवला? स्क्रू ढिला आहे."

"वर्षभर ढिला आहे," बाबा म्हणाले. "तुला आज दिसला."

आतून तांब्या बादलीत बुडल्याचा आवाज आला.

पंचवीस मिनिटांनी बाबा पलंगावर बसले होते. सदऱ्याची बटणं एक घर चुकून लागली होती. टिल्लू छातीपर्यंत भिजलेला बाहेर आला.

"जमलं?" मास्तरनं विचारलं.

"नाही. पण झाली." तो भिंतीला टेकला. "ताई, दहा आठवड्यांचं मी आज सांगू शकत नाही. उद्यापासून सकाळी सातला येतो. आठ दिवस तू समोर असताना करतो. मग सांगतो."

"मला उद्या बाराला सांगायचंय."

"मग नाही समज."

"आणि सकाळी येणार आहेस?"

"येणार आहे."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. सहा हो मिळाले होते, त्यांतला एकही खरा नव्हता. आज खरं उत्तर मिळालं तर ते धड होही नव्हतं आणि धड नाहीही नव्हतं. तिला त्याची कॉलर धरून हलवावंसं वाटलं. पण ती कॉलर ओली होती.

ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकून मोबाइल काढला आणि मालकांना लिहिलं: मी जाते. जायला तीन आठवडे होते. पाठवायचं बटण दाबताना मास्तर दारात येऊन उभा होता.

"आणि हा नवव्या दिवशी नाही म्हणाला तर?"

"तर ते त्या मुलीला पाठवतील."

"मालकांपुढं तोंडघशी पडशील."

"पडेन. पण उद्या बाराला नाही म्हणणारी मी नसेन."

बाबांची पुन्हा हाक आली. त्यांना उशी मागं घ्यायची होती. ताई सवयीनं दोन पावलं गेली आणि थांबली. टिल्लू ओल्या शर्टातच आत गेला.

"तू नको," बाबा म्हणाले. "तिला बोलव."

"सांगा ना, किती मागं?"

"तिला माहीत आहे."

"मला नाही माहीत. सांगा."

ताई ओट्याशी उभी राहिली. उशी किती मागं घ्यायची ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठांवर होतं. आत बाप-लेक एका उशीवरून वाद घालत राहिले आणि ती खालचा ओठ दाताखाली धरून ऐकत राहिली.