ओटिसचं डोकं आणि मेरिलिनचा शनिवार

बागेच्या पाटीवर तीन नियम होते. खेळण्यांच्या कुंपणाच्या आत कुत्रं न्यायचं नाही. कुत्र्याला बाहेर एकटं बांधून ठेवायचं नाही. आणि लहान मुलांना आत एकटं सोडायचं नाही. पाटी लिहिणाऱ्याला एकतर नातवंडं नसावीत, नाहीतर कुत्रं तरी नसावं. मेरिलिनकडे दोन्ही होतं आणि ती होती एकटी. त्यामुळे रोज शाळा सुटली की ती कुंपणाबाहेर एकाच खांबाला टेकून उभी राहायची. हातात ग्रेव्हीचा पट्टा, डोळे आतल्या पोरांवर. तिच्या पायांनी तिथलं गवत पार गेलं होतं. माळ्यानं तिथं नव्यानं बी पेरून बघितलं, तर मेरिलिन त्यावरही उभी राहिली. दुसरीकडून तिला घसरगुंडी दिसायची नाही.

"फक्त ख्रिसमसपर्यंत गं, आई," किरा म्हणाली होती. कुठल्या ख्रिसमसपर्यंत ते बोलली नव्हती. त्यानंतर तीन ख्रिसमस येऊन गेले.

किरा तिची एकुलती एक लेक, दातांच्या दवाखान्यात नर्स. जावई लांब पश्चिमेला खाणीवर. दोन आठवडे तिकडे राबायचा आणि एक आठवडा ब्रिस्बेनला येऊन झोपायचा. मुलं दोन, सात वर्षांची पोझी आणि चार वर्षांचा ओटिस. शिवाय ग्रेव्ही, जो आणला तेव्हा मुलांचा कुत्रा होता आणि आता आजीचा झाला होता.

किरा वाईट नव्हती, हीच तर खरी अडचण होती. मार्चमध्ये मेरिलिननं एकदा बोलायचं ठरवलं होतं, अगदी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात किरानं मोरीपाशीच तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "तू नसतीस ना आई, तर मी मेलेच असते." मेरिलिननं हातातला कप विसळला आणि पालथा घातला.

आज मात्र बोलणं भाग होतं. शनिवारी पहाटे ग्लेनिस निघणार होती. ग्लेनिस म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण. जूनमध्ये इथला हिवाळा आला की ती गाडीला कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून ऑस्ट्रेलियाच्या उबदार उत्तरेला उन्हात पळायची आणि दरवर्षी मेरिलिनला विचारायची. दरवर्षी मेरिलिन म्हणायची, पुढच्या वर्षी नक्की. यंदा ग्लेनिसनं आज सकाळीच फोनवर सरळ सुनावलं होतं. "पुढच्या वर्षी माझे गुडघे बदलायचेत आणि कॅरव्हॅन विकायचीय. ही शेवटची फेरी, बाई. आज गुरुवार. संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर बेरिलला नेते."

बेरिल म्हणजे ग्लेनिसची चुलत बहीण. ती अशी घोरते की शेजारच्या कॅरव्हॅनवाले जागा बदलतात. ग्लेनिस बेरिललासुद्धा न्यायला तयार आहे, म्हणजे ही पोकळ धमकी नाही, हे मेरिलिनला कळलं. किरा आज लवकर सुटून थेट बागेत येणार होती. फोन ठेवल्यावर मेरिलिननं तिला सांगायचं सगळं वाक्य वॉशिंग मशीनला म्हणून दाखवलं होतं. मशीननं निमूट ऐकून घेतलं होतं.

"काय ग्रेव्हीच्या आजी, पहारा चालू?" डचेसचे बाबा फेरी मारता मारता थांबले. डचेस ही त्यांची हाडकुळी ग्रेहाउंड. ते तीन वर्षं मेरिलिनशी बोलत होते, पण दोघांना एकमेकांची नावं ठाऊक नव्हती. या बागेत नावं कुत्र्यांना असतात, माणसं नुसती त्यांची कुणीतरी लागतात.

"पहारा कसला, मुक्कामच आहे," मेरिलिन म्हणाली.

तेवढ्यात ओटिस आतून धावत आला. हातात व्हेजिमाइटचा काळा खारट लेप लावलेलं अर्धं सँडविच, मागे लांब चोचीचा एक मळकट आयबिस. हे पक्षी इथे कचऱ्याच्या डब्यात वाढतात आणि पोरांच्या हातातलं खाणं आपलंच समजतात. ओटिसला सँडविच पक्ष्याला द्यायचं नव्हतं, ग्रेव्हीला द्यायचं होतं. त्यानं कुंपणाच्या सळ्यांमधून हात बाहेर काढला. हात पुरेना, म्हणून डोकंही काढलं.

ग्रेव्हीनं सँडविच एका घासात संपवलं. ओटिसनं डोकं मागे घेतलं. म्हणजे घ्यायला गेला, पण ते येईना.

"आजी," तो खूश होऊन म्हणाला, "मी बाहेर आलो."

"नुसतं डोकं आलंय, राजा."

"बाकीचा पण येतोय."

मेरिलिन गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्याचं डोकं हळूच मागे लोटून पाहिलं. कान सळ्यांना अडत होते. ग्रेव्ही त्याचं तोंड चाटत होता, आणि ओटिस खिदळत होता.

बघता बघता माणसं जमली. पलीकडे कुणाचा तरी वाढदिवस होता, तिथून एक बाई मार्गारिनचा डबा घेऊन आली आणि तिनं ओटिसचे कान पोळीसारखे माखले. एक जण म्हणाला, अग्निशमनवाल्यांना बोलवा. दुसरा म्हणाला, ते येऊन सळई कापतील आणि बिल आपल्याला पाठवतील. पोझी झोक्यावरून उतरून आली आणि तिनं भावाची मागची बाजू नीट निरखली.

"आजी, ओटिस आता इथेच राहणार?"

"नाही गं."

"राहिला तर त्याची खोली मला."

मग किरा आली, दवाखान्याच्या निळ्या कपड्यांतच, कुंपणाच्या पार त्या टोकाच्या फाटकातून पळत. तिनं काही न विचारता ओटिसची कंबर धरली आणि ओढलं. आता मात्र ओटिसनं बाग डोक्यावर घेतली.

"ओढू नकोस!" मेरिलिन ओरडली.

"मग काय करू? फोन लावू का अग्निशमनला?"

"मागे नाही येणार तो. कुशीवर वळव आणि माझ्याकडे ढकल."

"तुझ्याकडे? बाहेर?"

"डोकं मावलंय ना? बाकी काय, नुसत्या काड्या आहेत. दुसरा हात आधी दे. आता खांदा. ओटिस, फुगा फोडल्यासारखा श्वास सोड बरं."

डचेसच्या बाबांनी ग्रेव्हीचा पट्टा धरला. ओटिसनं श्वास सोडला. खांदा आला, पोट आलं, हाफपँटचं बटण सळईला अडकलं, आणि हाफपँट तिथेच सोडून ओटिस मार्गारिनसकट आजीच्या मांडीवर येऊन पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाढदिवसाकडून कुणीतरी शिट्टी मारली, आणि गर्दी तिकडच्या भाजत्या सॉसेजकडे परतली. डचेसच्या बाबांनी पट्टा मेरिलिनच्या हातात परत दिला आणि टोपीला हात लावून निघाले.

किरा आतल्या बाजूला सळ्या धरून बसली होती. रडत होती आणि हसतही होती.

"आई गं," ती म्हणाली. "तू नसतीस तर..."

मेरिलिन ओटिसला उभं करत स्वतःही उठली. हे वाक्य तिला पाठ होतं. ते पुरं झालं असतं तर ती पुढच्या हिवाळ्यातही याच खांबापाशी असती.

"किरा, मी शनिवारी जातेय. ग्लेनिसबरोबर, उत्तरेला. सप्टेंबरपर्यंत."

किराचं हसू तसंच तोंडावर राहिलं. "या शनिवारी? म्हणजे परवा?"

"हो."

"आणि हे तू आत्ता सांगतेस? आई, तो चड्डीवर उभा आहे!"

"तो रोज कसा ना कसा उभाच असतो. मी बरी वेळ शोधत बसले तर तो कॉलेजात जाईल."

"सोमवारी ह्यांना शाळेतून आणणार कोण?"

उत्तर मेरिलिनच्या जिभेवर तयार होतं. शाळेनंतरच्या पाळणाघरात दोन जागा होत्या, तिनं गुपचूप विचारून ठेवलं होतं. पण ते सांगितलं असतं तर पुढचंही तिलाच निस्तरावं लागलं असतं. अर्ज, डबे, पहिल्या दिवशीचं रडणं, आणि मग 'एवढा आठवडा थांब ना गं'.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

किरा सळ्या सोडून उठली.

"थांब तिथेच," किरा म्हणाली. "हलू नकोस. मी येते." तिनं हाफपँट उचलली, पोझीचा हात धरला आणि ती लांबच्या फाटकाकडे चालू लागली.

हलणार कशी? एका मुठीत पट्टा, आणि मांडीला तेलकट हातांनी घट्ट मिठी मारलेला ओटिस. मेरिलिननं मोकळ्या हाताच्या अंगठ्यानं फोन लावला.

"बोल," ग्लेनिस म्हणाली. "माझे बटाटे उकळतायत."

"येतेय मी."

"किरा काय म्हणाली?"

"अजून म्हणायचीय. फाटकातून येतेय."

"मग पळ."

"एकानं हात धरलाय, एकानं पाय. पण येतेय. बेरिलला नको सांगूस काही." तिनं फोन खिशात टाकला.

किरा कुंपणाला वळसा घालून येत होती, भरभर, बाहीनं तोंड पुसत. तिचे खांदे लहानपणी शाळेतून रुसून येताना असायचे तसेच वर चढले होते. 'जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू' हे शब्द मेरिलिनच्या तोंडात आपसूक येऊ लागले, इतके ते वापरून गुळगुळीत झाले होते. तिनं दात आवळून धरले.

किरा आली. आईकडे बघितलंसुद्धा नाही. खाली बसली आणि ओटिसला हाफपँट घालू लागली. घाईत त्याचे दोन्ही पाय एकाच बाजूत गेले, आणि ओटिस डुगडुगला.

"दुसऱ्या बाजूतून, किरा."

"कळतंय मला, आई."