कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत

शिंप्यानं वाक्य पुरं केलं, तरी दुभाषी मावशी ते सांगायचं सोडून पाण्याचा ग्लास झाकत बसल्या.

"काय म्हणाला, मावशी?"

"तेच. त्या पहाटे कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत."

वकीलबाईंनी त्याच्या आश्रयाच्या अर्जावर बोट ठेवलं. पान तीन, ओळ सात, शब्दाला शब्द. जेवणानंतर त्यांनी चौथ्यांदा अधिकाऱ्याचा करडा आवाज काढून त्याला तेच प्रश्न विचारले होते, आणि चौथ्यांदा तो कुठेही न अडखळता बोलला होता. बाहेरच्या बाकावर त्याची बायको आणि दोन मुली सकाळपासून बसून होत्या. उद्या दहाला सुनावणी. अर्ज फेटाळला, तर जिथून जीव मुठीत धरून पळाले तिथेच चौघांची परत पाठवणी होणार, हे त्या मुलींनासुद्धा ठाऊक होतं.

"छान. उद्या असंच बोला."

"असंच नको," मावशी म्हणाल्या.

मावशी स्वतः वीस वर्षांपूर्वी एका पिशवीनिशी इथे आल्या होत्या. त्याआधी शाळेत शिकवत. या ऑफिसात त्या दुसऱ्यांचं बोलणं इमानेइतबारे पोचवायच्या, पण स्वतःचं मत द्यायची वेळ त्यांनी फारशी येऊ दिली नव्हती. त्यामुळे वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"गेल्या आठवड्यात आपल्या त्या दुसऱ्या अशिलाच्या, भट्टीवाल्याच्या सुनावणीला तुम्ही नव्हता, तुमची ज्युनिअर होती. त्याच्या अर्जातही हीच कुत्री. साहेबांनी विचारलं, का नाही भुंकली? तो म्हणाला, साहेब, आमच्या गल्लीत कुत्रीच नव्हती. साहेब हसले आणि लिहून घेतलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"वाटलं, घाबरून काहीतरी बोलला. आज याचं ऐकलं तेव्हा ट्यूब पेटली. उद्या तेच साहेब आहेत, वकीलबाई."

वकीलबाईंनी कॉम्प्युटर पुढे ओढला. ते वाक्य शोधत शोधत त्या अकरा वर्षं मागे गेल्या, तेव्हा ते ज्या बाईचं होतं ती सापडली. एक विधवा. तिच्या गावात त्या पहाटे खरंच कुत्री भुंकली नव्हती, कारण हल्लेखोरांनी ती सगळी आदल्या दिवशीच मारली होती. तिचा अर्ज मंजूर झाला. मग पुढचा अर्ज तिच्याच अर्जावर बेतला, त्यापुढचा त्याच्यावर. नावं बदलायची, गाव बदलायचं, तारखा बदलायच्या. वर्षाला दीडशे अर्ज आणि हात दोन. कोऱ्या पानापासून सुरुवात करायला सवड कुणाला होती? त्यांना लाज वाटली. पण लाजेच्या आधी डोळे मिटून टेबलावर डोकं टेकावंसं वाटलं, आणि त्याची जास्त लाज वाटली.

"विचारा त्याला," त्या म्हणाल्या. "भुंकली नव्हती का, खरंच?"

शिंपी गुडघ्यावरची विजार बोटांनी सारखी करत राहिला. मग खाली बघतच बोलला. मावशींनी मध्ये एकदाच काहीतरी विचारलं.

"म्हणतोय, भुंकत होता. यांचाच कुत्रा. त्याच्या भुंकण्यानंच हे जागे झाले आणि मागच्या दारानं निघाले. तो भुंकला नसता तर चौघांतलं कुणी उरलं नसतं."

"मग सही कशी केली? वाचून दाखवलं होतं ना?"

"मीच दाखवलं होतं," मावशी म्हणाल्या, आणि प्रश्न पुढे केला.

या वेळी तो बराच वेळ बोलला. मावशी सुनावणीत बोलतात तशा, 'तो' सोडून 'मी'वर आल्या.

"ताई, आधी मला वाटलं, कायद्याला असंच लागत असेल. मग पाठ करता करता बरं वाटायला लागलं. कुत्रा पुढच्या अंगणात साखळीला होता. मी त्याला सोडायला गेलो नाही. तो रस्ताभर ऐकू येत होता, आणि मग येईनासा झाला. तुमच्या कागदात तो भुंकतच नाही. मुलींनाही मी आता तेच सांगतो, की तो तेव्हा नव्हताच."

वकीलबाईंनी कोरा कागद घेतला आणि हातानंच लिहायला लागल्या. पान तीनवरचं सातव्या ओळीतलं वाक्य अर्जदाराचं नाही. ते माझ्या जुन्या अर्जातून, माझ्या चुकीनं आलं आहे.

मावशींनी वाकून वाचलं. "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. साहेब तुमचे मागचे सगळे अर्ज उकरून काढतील."

"काढतील."

"सनद जाईल एखादे वेळी."

"भट्टीवाल्यासाठीही असंच एक लागेल. आठवण करून द्या मला."

शिंप्यानं काय चाललंय ते विचारलं. मावशींनी सांगितलं. तो बंद दाराकडे, बाहेरच्या बाकाच्या दिशेनं बघत राहिला आणि मग दोनच शब्द बोलला.

"म्हणतोय, साखळीचंही लिहा."

त्यानं अर्जाला काडीचाही फायदा नव्हता. वकीलबाईंनी तसं त्याला सांगितलं नाही.

"केवढी होती?" त्यांनी विचारलं. अधिकाऱ्याचा आवाज त्यांनी काढला नाही.

शिंप्यानं कापड धरावं तसे हवेत हात धरले, दोनदा मोजलं, मग अर्धं. वकीलबाईंनी लिहिलं, साखळी अडीच हात. कागद मावशींकडे दिला.

"वाचून दाखवा त्याला. आणि चुकलं असेल तर चुकलं म्हण, म्हणावं."

मावशींनी सावकाश वाचलं. शिंप्यानं ऐकलं, मान हलवली आणि पुन्हा हात पसरून मोजलं.

"अडीच नाही," मावशी म्हणाल्या. "पावणेतीन. पण मागच्या दारापर्यंत पोचत नव्हती."